चालायचा खेळ

कळंब, १० नोव्हेंबर २०२४

यशराज,

हे पत्र कुणाच्या सहीसाठी नाही आणि कुणाच्या आजारपणाचंही नाही. आधीच सांगते, म्हणजे पहिल्या ओळीनंतर तू ते घडी घालून ठेवणार नाहीस. आईचे गुडघे दुखतात, पण ते तू असतानाही दुखायचे.

कोइमतूरचा पत्ता मला तुझ्या मेहुण्याने, धम्मदीपने दिला. तो रक्त तपासायला आमच्या बारामतीच्या लॅबमध्ये आला होता. सुई टोचेपर्यंत त्याने मला ओळखलं नाही, किंवा ओळख दाखवली नाही. मग कापूस दाबून धरत म्हणाला, "ताई, भांडायचं असेल तर पत्ता देत नाही. माझी बहीण आता कुठे जरा नीट झोपायला लागली आहे." मी म्हटलं, भांडायचं नाही. मग दिला. फोन नंबर मी मागितला नाही. तू आमचे नंबर बंद केलेस, ते तुझ्या मनाविरुद्ध कशाला उघडायचे? शिवाय फोनवर मी घाबरून भलतंच बोलते. कागदावर खोडता येतं.

आता मुद्द्याचं. तुझं गेमचं यंत्र अजून टीव्हीखालीच आहे. दिवाळीच्या साफसफाईत मी ते पुसायला काढलं आणि चालतं का पाहावं म्हणून लावलं. माझ्या मोबाइलचं नेट त्याला जोडलं, त्यात काही चूक केली असेल तर सांग. पडद्यावर तुझे सगळे गेम आले. गाड्या, बंदुका. एकात नुसतं पिवळं गवत होतं, म्हणून तो उघडला. तुला आठवत असेल. लांब कोट घातलेलं एक माणूस, हातात मडक्यातला दिवा, समोर माळ आणि लांबवर धुक्यातली खिंड. बाकी काही नाही. काय करायचं ते कुठेही लिहिलेलं नाही, कुणी काही बोलत नाही.

आई बाजूला शेंगा फोडत बसली होती. अप्पा गेल्यापासून ती टीव्हीकडे बघत नव्हती. म्हणजे टीव्ही चालू असायचा आणि ती भिंतीकडे बघायची. तिने मान वर केली.

"ह्ये कुठं निघालंय?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"मग इचार की त्याला."

मी सांगितलं की यात बोलता येत नाही. एक बटण दाबलं की घुंगरासारखा आवाज होतो, तेवढाच.

"बोलताच येत न्हाय?" आई म्हणाली. "मग बरं हाय." आणि शेंगांची पाटी सरकवून तिने रिमोट माझ्या हातून घेतला.

पहिल्या संध्याकाळी ती नुसती दगडाला धडकत होती. दुसऱ्या संध्याकाळी चालायला लागली. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी गवतातून दुसरं एक माणूस आलं, तसाच कोट, तसाच दिवा. आई दचकली. तू एकदा सांगितलं होतंस ते आठवून मी तिला समजावलं की हे यंत्रातलं बाहुलं नाही. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी देशात खरंच कुणीतरी आत्ता घरात बसून खेळतंय आणि गेमने त्या दोघांना जोडलंय. मी "कुणीतरी" म्हणाले. हे मला नक्की आठवतं, कारण नंतर मी ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे.

आई म्हणाली, "यशाच्या खेळात दुसरं कोन येनार?"

मी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. भाताला कढ आला होता, मी आत गेले. बाहेर आले तेव्हा ती दोघं ओढ्याच्या काठाने शेजारीशेजारी चालली होती आणि आई मधूनमधून घुंगरू वाजवत होती.

म्हणून लिहिते आहे. आईला वाटतं, तू रोज येतोस.

वृषाली


बारामती, २५ नोव्हेंबर २०२४

यशराज,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल. दोन्ही धरून लिहिते. जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या मागच्या खोलीत बसले आहे, कारण घरी लिहिलं तर आई विचारते काय लिहितेस, आणि मग मला सांगावं लागेल.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नाही. आईला तो तूच वाटतोस, ते केवळ यंत्र तुझं आहे एवढ्यावरून नाही. तिच्याकडे पुरावा आहे.

तू लहान होतास तेव्हा अप्पांनी मेंढरं विकायच्या आधी तुला एकदा सोबत कोकणाकडे नेलं होतं. मला नेलं नाही, माझी शाळा होती. आपल्या घरात शाळेसाठी मागे राहिलेली मी पहिलीच. म्हणून घाटात कसं चालतात ते मला माहीत नव्हतं, आईने आता सांगितलं. पुढे मेंढरं आणि अप्पा, सगळ्यात मागे घोड्यावर बिऱ्हाड आणि लंगडी कोकरं घेऊन आई. वळण आलं की मागचं माणूस दिसत नाही. तर पुढच्याने वळणावर थांबायचं, साद घालायची, आणि मागून उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. अप्पांनी तुला ते शिकवलं. आई म्हणते, एवढंसं पोर पुढे उभं राहून ओरडायचं आणि माझं उत्तर येईस्तोवर हलायचं नाही, मागची मेंढरं अंगावर आली तरी.

गेममधला तो माणूस तसंच करतो. खडकाला वळसा घालण्याआधी थांबतो. घुंगरू वाजवतो. आईचं बटण नेहमी उशिरा दाबलं जातं, तिच्या अंगठ्यात जोर नाही. तो थांबून राहतो. तिने वाजवलं की मगच वळतो. मी स्वतः पाहिलंय. एकदा आई मुद्दाम गप्प राहिली, परीक्षा घ्यायला. तो परत आला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"ह्ये आपल्यातलंच हाय," आई म्हणाली. "ह्ये दुसऱ्याला यायचं न्हाय."

रोज तोच माणूस येतो का, हे मला सांगता येत नाही. सगळ्यांचे कोट सारखे असतात. बहुतेक वेगवेगळे येत असतील. काही घाईघाईने निघूनही जातात. तसं झालं की आई म्हणते, आज त्याला काम आसंल. आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी वळणावर थांबतो, की तिचा चेहरा उजळतो.

शेजारची छबूबाई बघायला येते. तिने आल्या आल्या विचारलं, "रंगे, तुजा ल्योक त्या डब्यात जाऊन बसलाय व्हय?"

आई म्हणाली, "तुजा तर पुन्यात बसलाय. त्यो तरी दिसतो का?"

छबूबाई नंतर तासभर दिव्याकडे बघत बसली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "खरंच यशराज हाय का गं त्यो?" मी म्हटलं, मला माहीत नाही. हे अगदीच खोटं नव्हतं, पण तो तू नाहीस हे मला माहीत होतं.

आता ते लिहिते जे तुला नको असेल. तू लग्न करून प्रियदर्शनीला घेऊन आलास तेव्हा अंगणात अप्पा काय काय बोलले, ते मी लिहीत नाही. तू त्यांच्याकडे पाहिलंच नाहीस, आईकडे पाहिलंस आणि म्हणालास, "आई, तू तरी एक शब्द बोल." आई दारात उभी होती. ती बोलली नाही. तुम्ही रस्त्याला लागेपर्यंत ती तिथेच होती. चहा झाला होता, मीच कपात ओतला होता. तो बाहेर आला नाही.

अप्पांच्या अंत्यविधीला तू मागे उभा राहून परत गेलास, हे तिला दुसऱ्यांकडून कळलं.

तिच्या गप्प राहण्याबद्दल मी तिला कधी विचारलं नाही. पण परवा खेळताना ती आपणहून म्हणाली, "हितं त्यो मला बोल म्हनत न्हाय. नुसतं वाजीव म्हनतो. तेवढं येतं मला."

सुट्टी संपली. सॅम्पल आलेत.

वृषाली


कळंब, १६ डिसेंबर २०२४

यशराज,

मला तुला एक सांगायचं आहे आणि ते तू कुणाला सांगू नकोस. प्रियदर्शनीला सांगितलंस तर चालेल.

काल आईने खेळ पुरा केला. तू म्हणायचास की जाणत्याला दीड-दोन तासांत संपतो. तिला इतके दिवस लागले, कारण बर्फातल्या चढावर वारा दिवा विझवतो आणि विझला की माणूस हळूहळू मागे घसरतं. दोघं जवळ आले तर एकाच्या दिव्याने दुसऱ्याचा लागतो. काल तिचा दिवा विझला तेव्हा सोबतचा माणूस बराच वर पोचला होता. तो खिंडीच्या तोंडाशी होता, दोन पावलं टाकली असती तर त्याचा खेळ पुरा झाला असता. तो सगळा चढ उतरून खाली आला. तिचा दिवा लावला. मग दोघं इतकी चिकटून चढली की मला कोण कुठलं ते कळेना. छबूबाई तोंडावर पदर धरून बसली होती. मी भाजी चिरत होते, ती तशीच राहिली.

खिंडीपलीकडे नुसतं पांढरं होतं. आवाजही थांबला. आणि मग त्या पांढऱ्यावर, सोबत कोण चाललं होतं त्याचं नाव आलं. तिथवर गेम कुणाचं नाव सांगत नाही, शेवटीच सांगतो. हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी त्या वेळी आत गेले असते.

आईने रिमोट खाली ठेवला, पदर सारखा केला आणि म्हणाली, "वाच."

तुला आठवतं, तिसरीत असल्यापासून या घरातलं सगळं मी वाचलं आहे. एसटीची पाटी, मेंढरांच्या औषधाची बाटली, ग्रामपंचायतीची नोटीस, अप्पांचे रिपोर्ट. अप्पा म्हणायचे, जेवढं लिवलंय तेवढंच वाच, तुजं घालू नगं. त्यांचा शेवटचा रिपोर्टसुद्धा मी तसाच वाचला होता. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढे वेगळं वाचणं म्हणजे आंधळ्याला विहिरीकडे हात धरून नेणं, असं मला वाटतं. अजून वाटतं.

पडद्यावरची अक्षरं इंग्रजी नव्हती. गोल, उभी रेघ, बाजूला आडवी रेघ, पुन्हा गोल. कोरियन असतील, जपानी असतील, मला कळलं नाही. मी बी.एस्सी. झाले, लॅबच्या रिपोर्टवर माझी सही असते, आणि त्या अक्षरांपुढे मी आईसारखीच उभी होते. मला वाचता येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणायची मला सवय नाही.

मी वाचलं, "यशराज."

रात्रभर मी हिशेब करत होते की ते किती खोटं आहे. मला वाचता आलं नाही, म्हणजे तिथे तुझं नाव नव्हतंच असं मी शपथेवर सांगू शकत नाही. हे असलं मी स्वतःला सांगत होते. तू हसशील. पण ते गोल मी अजून डोळ्यांपुढून काढू शकत नाही. कुणीतरी त्या थंडीत खाली उतरून आलं, आणि त्याचं नाव मी पुसून त्यावर तुझं लिहिलं.

नाव ऐकल्यावर आई म्हणाली, "त्यो रागात आसता तर दिवा लावाया म्हागं आला नसता."

काल रात्री जेवताना भाजीत मीठ कमी आहे अशी तिने तक्रार केली. अप्पा गेल्यापासून पहिलीच. मी उठून मीठ आणून दिलं आणि मला इतकं बरं वाटलं की त्याचीही लाज वाटली.

यशराज, तू एकदा ये. घरी ये असं म्हणत नाही, तो तुझा प्रश्न आहे. गेममध्ये ये. एकदा तिच्यासोबत खिंडीपर्यंत चाल. मग शेवटी तुझं नाव येईल, मी ते वाचेन, आणि आधी वाचलेलं खोटं असलं तरी ते खऱ्याच्या मागे झाकलं जाईल. मला दुसरा मार्ग सुचत नाही. तिला आता खरं सांगितलं तर तो लागलेला दिवा पुन्हा विझेल.

वृषाली


कळंब, ८ जानेवारी २०२५

यशराज,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने ते छबूबाईकडे दिलं होतं, तिने ते फोडलेलंच मला दिलं आणि म्हणाली, "पाकीट उघडं व्हतं." तिला वाचता येत नाही, त्यामुळे चालेल.

चारच ओळी लिहिल्यास, पण रविवार आणि वेळ लिहिलीस. मी त्या ओळी किती वेळा वाचल्या ते लिहीत नाही. तू सांगितल्याप्रमाणे यंत्रावर आलेली तुझी मैत्रीची विनंती मी स्वीकारली. ओळखीची दोन माणसं एकाच वेळी निघाली तर गेम आधी त्यांनाच जोडतो, हे तू लिहिलंस ते बरं झालं, नाहीतर मला रविवारपर्यंत झोप लागली नसती. जुन्या नावाने आई खेळते म्हणून तू नवं घेतलंस, तेही कळलं.

आईला मी काही सांगितलेलं नाही. सांगणार तरी काय, की आज खरा येणार? तिच्या लेखी रोज खराच येतो. तिला रविवार हा बाकीच्या दिवसांसारखाच दिवस आहे. तो तसाच राहू दे.

तू लिहिलंस, वळणावर थांबणं मला आठवतं, ते लिहायची गरज नव्हती. बरं. तरी एवढंच, की तिचा अंगठा उशिरा दाबतो. ती येत नाही असं समजू नकोस.

तू विचारलंस माझं कसं चाललंय. चांगलं. काटेवाडीचं एक स्थळ येणार होतं, तुझ्या लग्नाचं कळल्यावर आलं नाही. त्यानंतर कुणी आलं नाही. त्याचं मला काही वाटत नाही, असं लिहिलं होतं. ते खोडलं. वाटतं, पण तुझ्यावर राग नाही. प्रियदर्शनीवर तर नाहीच. तिला सांग की धम्मदीपचे रिपोर्ट सगळे चांगले आले.

वृषाली


कळंब, २० जानेवारी २०२५

यशराज,

तुझ्या बाजूच्या पडद्यावर काय दिसलं मला माहीत नाही. आमच्या बाजूला काय झालं ते सगळं लिहिते. तुझं मन दुखावेल म्हणून मी काही गाळणार होते, पण गाळायची सुरुवात केली की मी कुठे पोचते ते मला कळलं आहे.

तू आलास. मला लगेच कळलं, कारण तू आल्याबरोबर उड्या मारल्यास, लहानपणी एसटीतून उतरताना मारायचास तशा. पहिल्या वळणावर थांबलास. वाजवलंस. आईने उत्तर दिलं. मी खाली बसले.

ओढ्यानंतर तू डावीकडे गेलास, जिथे रोजची वाट जात नाही. मग मला समजलं की तिथे कड्यावर चढायची गुप्त जागा आहे. तू वर चढून गोलगोल फिरत होतास आणि घुंगरू वाजवत होतास. तिथून सगळं पाणी दिसत असणार. तुला ते आईला दाखवायचं होतं. यशराज, मला कळलं. तू वर्षानुवर्षं एकट्याने पाहिलेलं सगळ्यात चांगलं ठिकाण तिला देत होतास. पण तिला चढता येईना. ती दोनदा घसरली, तिसऱ्यांदा खालीच उभी राहिली. तू वरून वाजवत राहिलास. तिने उत्तर दिलं नाही.

मी म्हटलं, आई, वाजव की.

"न्हाय," ती म्हणाली. "ह्यो आपला न्हाय. ह्याला दावायची घाई हाय. आपला वाट बगतो."

मी म्हटलं, तरी वाजव. ती म्हणाली, परक्याला कशाला?

तू खाली उतरलास. तिच्यापुढे उभा राहिलास. इतक्या वेळा वाजवलंस की छबूबाई म्हणाली, हे काय येडं हाय. मग तू गप्प तिच्या मागून चाललास, शेवटपर्यंत, वळणावरही मागेच. बर्फात तिचा दिवा विझला तो तू लावलास. तुझा विझला तेव्हा ती थांबली नाही. तो तुझा तूच कसा पेटवलास ते मला दिसलं नाही. कड्यानंतर खिंडीपर्यंत तिने एकदाही बटण दाबलं नाही.

पांढरा पडदा आला. नाव आलं. साधं इंग्रजी. आईने विचारलं नव्हतं, मीच वाचलं. मोठ्याने वाचलं, "यश-प्रियदर्शनी."

आई माझ्याकडे वळली. इतकं शांत ती कधी बोलत नाही.

"खोटं वाचू नगं."

मी म्हटलं, आई, हेच लिहिलंय.

"त्या दिशी नुसतं यशराज व्हतं. तिचं नाव तू घातलंस. तिच्यासाटी माज्या तोंडातून व्हय काडून घ्यायला."

मग मी सांगितलं. छबूबाईसमोर, सगळं. की त्या दिवशीचं नाव मला वाचताच आलं नव्हतं. की रोज येणारे दुसरेच कुणी कुणी आहेत. की आज जो कड्यावरून वाजवत होता तो आपला होता, पत्र पाठवून बोलावलेला. मी क्रम चुकवला नाही.

छबूबाई उठून गेली. एरवी ती जात नाही.

आई बराच वेळ पाटीतल्या शेंगा इकडच्या तिकडे करत होती. मग तिने आधी तुझं विचारलं नाही. विचारलं, "मग त्यो कोन व्हता, खाली उतरून आल्याला?"

मला माहीत नाही, मी म्हटलं. लांबचं कुणीतरी.

"कुनाचा तरी ल्योक आसंल," ती म्हणाली. आणि मग, "म्हंजे ह्याला मी पुन्यांदा उत्तर दिलं न्हाय."

मी उठून यंत्र बंद केलं. 

त्याला आठवडा झाला. ती माझ्याशी नीट वागते, जेवायला वाढते, बसला उशीर होतो म्हणून हाक मारते. फक्त रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी आता मला देत नाही. ती घेऊन छबूबाईच्या नातीकडे जाते आणि तिच्याकडून वाचून घेते. ती पोरगी दुसरीत आहे, अडखळत वाचते. आई उभी राहून पूर्ण ऐकते.

तू विचारशील, आईने माझ्यासाठी काही निरोप दिला का. दिला नाही. देईल असं मला वाटलं होतं, मी कागद घेऊन बसलेही होते. ती म्हणाली, "तू लिवलेलं त्यानं तरी का खरं धरावं?"

काल संध्याकाळी तिने स्वतः यंत्र लावलं. मला वाटलं तू असशील. नव्हतास, मी मित्रांच्या यादीत पाहिलं, तुझं नाव बंद दिसत होतं. गवतातून कुणीतरी आलं. हा काही वळणावर थांबणारा नव्हता, धडपडणारा होता, नवा असणार. सारखा दगडाला आपटायचा. आई पुढे गेली, वळणावर थांबली आणि वाजवलं. तो आला नाही. तिने पुन्हा वाजवलं. अंगठा दुखत होता, तिने दुसऱ्या हाताने दाबला. वाजवत राहिली. तो कुठेतरी मागे आपटत होता आणि तिचं घुंगरू थांबेना.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, आई, हा तो नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली. "पर कुनाला तरी साद दिऊ दे."

यशराज, तू ये असं मी या वेळी लिहीत नाही आणि येऊ नकोस असंही नाही. पण आलास तर मी आईला आधी काही सांगून ठेवणार नाही, आणि दारात तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहून हा अमका म्हणणार नाही. तिचं तिला ओळखू दे. वेळ लागेल. तेवढा थांब.

तुझी ताई